बालदमा होऊन गेलाय, सैन्यात घेतील का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून चाललोय ते तुम्हाला कळेल. मुलगी १८ वर्षांची. पाचव्या वर्षी बालदमा निघाला, अकराव्या वर्षापर्यंत पंप चालू होता, मग सुटला. पंधराव्या वर्षी सर्दी झाली, खोकला तीन आठवडे हटेना, तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर पुन्हा पंप दिला. त्यानंतर औषध नाही. आता ती रोज ५ किलोमीटर पळते. फक्त थंड हवेत पळून आली की थोडा वेळ खोकते. तिला सैन्यात जायचंय. घेतील का, आणि फॉर्ममध्ये दम्याचं लिहायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

आलेल्या बहुतेक उत्तरांचा सूर ‘लहानपणीचा दमा कोण विचारतो’ असा आहे. लहानपणच्या दम्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तुमच्या मुलीची गाठ पाचव्या वर्षाच्या दम्यात नाही. ती पंधराव्या वर्षाच्या त्या एका महिन्यात आहे, आणि आजच्या थंडीतल्या खोकल्यात आहे. भरतीच्या डॉक्टरसमोर ‘दमा आहे का’ या एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात: कागदावर काय लिहिलंय, आणि श्वासनलिका आज काय करतेय. दोन्हींची उत्तरं तुम्हाला अर्ज भरण्याआधी माहीत हवीत. ती तिथे पहिल्यांदा कळू नयेत.

कुठल्या देशाचं सैन्य हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नियमाचं उत्तर त्यावर फार बदलतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या भरती-निकषांत रेघ तेराव्या वाढदिवसाला ओढलेली आहे. त्यानंतर दमा, व्यायामाने होणारा दमा किंवा ‘दम्यासारखा ब्राँकायटिस’ असं निदान झालं असेल, तर उमेदवार मूळ निकषात बसत नाही. इतकंच नाही, तर त्या वयानंतर श्वासनलिकेच्या अतिसंवेदनशीलतेसाठी पंप, स्टेरॉइड किंवा माँटेलुकास्टसारखं औषध घेतलं असेल, तरीही नाही. म्हणजे निदानाचा शब्द नसला तरी औषधाची चिठ्ठी पुरते. मात्र तिथे वेव्हर, म्हणजे सूट, मागता येते. ती सरसकट मिळत नाही. प्रत्येक दल आपापल्या गरजेप्रमाणे आणि कागदपत्रं पाहून ठरवतं.

भारतात वयाची अशी रेघ नाही. अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत दम्याचे, घरघरीचे किंवा ॲलर्जिक सर्दीचे वारंवार झटके आल्याचा इतिहास हे नाकारण्याचं कारण म्हणून दिलेलं आहे. इथे वजन ‘वारंवार’ या शब्दावर आहे, आणि ॲलर्जिक सर्दीही त्याच ओळीत बसवलेली आहे, ते बऱ्याच पालकांच्या नजरेतून सुटतं. अनफिट ठरवलं तर अपील मेडिकल बोर्डाकडे आणि पुढे रिव्ह्यू मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. पण अपील म्हणजे सूट नव्हे. बोर्ड पुन्हा तोच निकष लावतं, फक्त तपासणी नव्याने होते. ब्रिटनसारख्या काही देशांत ‘शेवटचं लक्षण किंवा शेवटचं औषध किती वर्षांपूर्वी’ असं मोजतात. जिथे सैन्यसेवा सक्तीची आहे तिथे गणित वेगळंच असतं. सिंगापूरमध्ये प्रत्येकाला तंदुरुस्तीची श्रेणी देतात, इस्राएलमध्ये वैद्यकीय प्रोफाइलचा आकडा देतात, आणि सौम्य दमा असलेल्याला घरी पाठवण्याऐवजी बहुधा कमी श्रमाच्या कामावर नेमतात. म्हणून पहिलं काम हे करा: ज्या भरतीला अर्ज करायचा तिची चालू वर्षाची अधिसूचना काढा आणि श्वसनसंस्थेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. दुसऱ्या भरतीचा किंवा पाच वर्षांपूर्वीचा नियम कामाचा नाही.

आता, सैन्य एवढं ताणून का धरतं ते सांगतो, कारण ते कळलं की बोर्ड काय शोधतंय हेही कळतं. ऑलिंपिकमध्ये दमा असलेले खेळाडू उतरतात, मग सैन्यात का नको, असं नेहमी विचारलं जातं. खेळाडूचा पंप त्याच्या पिशवीत असतो, स्पर्धेची वेळ ठरलेली असते आणि मैदानाच्या कडेला डॉक्टर असतो. सैनिकाला यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. शांत बसलेल्या माणसाच्या छातीतून मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर होते. जीव तोडून पळताना तीच १०० लिटरच्या पुढे जाते, आणि तीही नाकाने गाळून-गरम होऊन नव्हे, तोंडाने. थंड, कोरडी हवा श्वासनलिकेच्या अस्तराचा ओलावा शोषते, पेशींभोवतालचा द्रव दाट होतो, त्यातून हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. निरोगी माणसात हे जाणवण्याइतकं होत नाही, दमेकऱ्यात होतं. त्यावर धूळ, धूर, डिझेलचा वास आणि बरॅकमध्ये दाटीने झोपल्यामुळे एकमेकांना लागणारी सर्दी. बऱ्याच सैन्यांच्या प्रशिक्षणात अश्रुधुराच्या खोलीत जावं लागतं, मास्क लावून धावावं लागतं, आणि मास्कमधून श्वास ओढायलाच जास्त जोर लागतो. अशा वेळी श्वासनलिका आवळली तर एक माणूस कमी होतो आणि त्याला उचलून आणायला आणखी दोघं कमी होतात.

तेराच्या रेघेमागेही कारण आहे. लहान मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद असतात, त्यामुळे साध्या विषाणूच्या सर्दीतही घरघर होते. वय वाढतं, नळ्या रुंदावतात, आणि पुष्कळ मुलांचा त्रास पौगंडावस्थेपर्यंत ओसरतो. तो तसा ओसरला, तर मागे घडलेलं फारसं मोजायचं कारण नाही. पण लक्षणं थांबणं आणि श्वासनलिकेचा चिडकेपणा जाणं या दोन गोष्टी एक नाहीत. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही, तरी तपासणीत नळी चिडकी निघते, आणि विशीत-तिशीत जागा, काम किंवा हवा बदलली की दमा परत डोकं काढतो. पौगंडावस्थेत किंवा त्यानंतर परतलेला त्रास ही या चिडकेपणाची खूण असू शकते. त्यासाठीच बोर्ड पंधराव्या वर्षाच्या चिठ्ठीवर बोट ठेवतं.

तेव्हा त्या चिठ्ठीकडे नीट बघा. जुनी फाईल काढा. घरी नसेल तर त्या दवाखान्यातून नोंदीची प्रत मागून घ्या. त्यात चार गोष्टी शोधायच्या. निदान म्हणून नेमकं काय लिहिलंय: ‘दमा’, ‘दमा असावा का?’, ‘सर्दीनंतरचा खोकला’ की ‘ब्राँकायटिस’? स्टेथोस्कोपने घरघर ऐकू आल्याची नोंद आहे का, की छाती स्वच्छ होती? स्पायरोमेट्री किंवा पीक-फ्लो, म्हणजे जोराने फुंकायला लावून श्वास मोजणारी चाचणी, केली होती का? आणि पंप घेतल्यावर काही तासांत फरक पडला होता, की खोकला आपला तीन आठवड्यांनी जायचा तसा गेला?

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विषाणूच्या सर्दीनंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे सहज टिकतो, आणि तो बहुतेक वेळा दमा नसतो. गजबजलेल्या ओपीडीत मूल तीन आठवडे खोकतंय, मागे बालदमा आहे, म्हणून पंप लिहून दिला जातो आणि कागदावर एक शब्द पडतो. उपचार म्हणून त्यात फारसं वावगं नाही, पण तो शब्द पुढे निदान म्हणून वाचला जातो. अशा चुकीच्या पाट्या किती असतात, याचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासावरून येतो. आदल्या पाच वर्षांत डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांची पद्धतशीर तपासणी केली आणि गरजेप्रमाणे औषधं हळूहळू कमी करत नेली, तेव्हा सुमारे ३३ टक्के लोकांत चालू दमा सापडलाच नाही. काहींचा ओसरला होता, काहींना तो कधी नव्हताच.

मात्र याचा अर्थ त्या डॉक्टरांकडे जाऊन ‘तो शब्द खोडून द्या’ म्हणायचं, असा नाही. नोंद खोडली तर ती संशयास्पदच दिसते, आणि खोटं प्रमाणपत्र देणारा डॉक्टर तुमच्या मुलीचं भलं करत नसतो. मागायचं ते नव्याने केलेल्या तपासणीवर आधारलेलं पत्र. तेव्हा काय दिसलं होतं, काय दिलं, किती दिवस दिलं, त्यानंतर किती वर्षं लक्षण किंवा औषध नाही, आणि आजच्या तपासण्यांचे आकडे काय, एवढं त्यात हवं. ‘पूर्णपणे बरी आहे’ अशा एका ओळीच्या पत्राला बोर्डासमोर जवळजवळ काही किंमत नसते.

थंडीतला खोकला मला त्या चिठ्ठीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, हे घड्याळ लावून पाहा. व्यायामाने श्वासनलिका आवळत असेल तर त्रास बहुधा पळताना नव्हे, थांबल्यावर वाढतो. पाच ते दहा मिनिटांनी सर्वांत जास्त असतो आणि अर्ध्या-एक तासात आपोआप निवळतो. छाती जखडल्यासारखी वाटते, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. याउलट ऐन पळताना, जोर सर्वांत जास्त असताना घशाशी आवळल्यासारखं होत असेल, श्वास आत घेताना आवाज येत असेल, आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटांत सगळं साफ होत असेल, तर तो बहुतेक वेळा स्वरयंत्राचा प्रकार असतो. श्रम करताना स्वरयंत्राचा वरचा भाग किंवा स्वरतंतू आतल्या बाजूला येऊन वाट अरुंद करतात. किशोरवयीन, मेहनती मुलींमध्ये हे पुष्कळ दिसतं आणि दमा समजून वर्षानुवर्षं पंप दिले जातात. पंपाने त्याला काही होत नाही. श्वासाच्या तंत्राच्या व्यायामाने होतं. तिसरी शक्यता साधी आहे: नाकातून घशात ओघळणारा शेंबूड, आम्लपित्त किंवा कोरड्या हवेने घसा खवखवणं. पळणं जड जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, हेही तपासून घ्या. हे कमी असणं हे धाप लागण्याचं फार नेहमीचं आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

तपासण्यांचा क्रम मी असा ठेवतो. आधी स्पायरोमेट्री, औषध देण्यापूर्वी आणि नंतर. नाकाला चिमटा लावतात, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि न थबकता एकदम स्फोटासारखा सोडायचा. तिथून पुढे आतली हवा संपली असं वाटलं तरी रेघ सपाट होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा सेकंद किंवा जास्त, ढकलत राहायचं. तपासणी बिघडते ती बहुधा पहिल्याच सेकंदात: मुलगी क्षणभर थबकते, खोकते, किंवा ओठांच्या कडेने हवा निसटते. तीन प्रयत्न नीट व्हायला हवेत, आणि त्यांतले सर्वांत चांगले दोन एकमेकांपासून १५० मिलिलिटरच्या आत हवेत. तसं झालं नसेल तर अहवालावर विसंबू नका, पुन्हा करून घ्या. उंची बूट काढून मोजली का, तेही पाहा. अपेक्षित आकडा उंचीवरून काढतात, त्यामुळे तीन-चार सेंटिमीटरची चूकही टक्केवारी हलवते.

मग सालब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे ४ पफ, एकूण ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, म्हणजे एफईव्ही१, निदान १२ टक्क्यांनी आणि निदान २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या बाजूचा पुरावा मिळाला, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं माप आहे. समजा आधी २.८० लिटर होती आणि नंतर ३.२० झाली. वाढ ४०० मिलिलिटर, म्हणजे १४ टक्के, हे सकारात्मक. २.८० ची २.९५ झाली तर नाही. तपासणीआधी सालब्युटामॉल निदान चार तास बंद हवं. दीर्घकाळ चालणारं औषध असेल तर प्रकारानुसार २४ ते ३६ तास बंद ठेवावं लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भरपूर पळणाऱ्या, पोहणाऱ्या मुलांची फुफ्फुसाची एकूण क्षमता कधी कधी फार चांगली असते, आणि त्यामुळे एफईव्ही१ आणि एकूण हवेचं गुणोत्तर कमी दिसतं. मशीन ‘अडथळा’ असं छापून मोकळं होतं. दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा वर असतील, आलेखाचा उतार पोटात गेलेला नसेल आणि पंपाने फरक पडत नसेल, तर तो आजार नव्हे. छापील शेऱ्यावर न जाता आलेख वाचू शकणाऱ्या छातीविकारतज्ज्ञाकडूनच हा अहवाल समजून घ्या.

स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून दमा नाही, असं मात्र म्हणता येत नाही. दमा चढ-उताराचा आजार आहे. चांगल्या दिवशी नळ्या चांगल्याच दिसतात. तेव्हा दोन आठवडे घरी पीक-फ्लो मीटरवर नोंदी करा. सकाळ-संध्याकाळ, उभं राहून, प्रत्येक वेळी तीन फुंकरी, त्यांतली सर्वांत मोठी लिहायची, मीटर तेच. दिवसातला फरक त्या दिवसाच्या सरासरीने भागायचा. सकाळी ३८०, संध्याकाळी ४४० असेल तर फरक ६०, सरासरी ४१०, म्हणजे जवळपास १५ टक्के. दोन आठवड्यांची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांच्या वर गेली तर ती लक्षात घेण्यासारखी. पळण्याआधी आणि पळून थांबल्यावर दहा मिनिटांनी घेतलेल्या चार-पाच जोड्याही तुमच्या बाबतीत खूप काही सांगतील.

खरा निकाल लावतात त्या चिडवून पाहणाऱ्या तपासण्या, आणि वेव्हर किंवा अपील असेल तर वजन यांनाच असतं. व्यायाम चाचणीत नाकाला चिमटा लावून ट्रेडमिलवर सहा ते आठ मिनिटं पळवतात. शेवटची चार मिनिटं हृदयाचे ठोके कमाल दराच्या ८५ टक्क्यांच्या आसपास टिकले पाहिजेत आणि हवा कोरडी हवी. मग ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी एफईव्ही१ मोजतात. १० टक्के किंवा जास्त घट म्हणजे सकारात्मक: ३.०० लिटरची दहाव्या मिनिटाला २.६४ झाली तर ती १२ टक्क्यांची घट. दमट खोलीत संथ चालवून केलेली चाचणी नॉर्मल येते, पण तिला अर्थ नसतो. त्याच दिवशी सकाळी पळून येऊ नये, कारण एकदा श्रम झाल्यावर काही जणांच्या नळ्या तास-दोन तास तेवढ्या आवळत नाहीत आणि चाचणी खोटीच चांगली येते.

दुसरी मेथाकोलिन चाचणी. श्वासनलिका आवळायला लावणारं हे द्रव्य अगदी कमी मात्रेपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवत श्वासातून ओढायला देतात आणि एफईव्ही१ वीस टक्क्यांनी कधी घटतो ते पाहतात. प्रति मिलिलिटर १६ मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही तेवढी घट झाली नाही तर नॉर्मल, ४ ते १६ सीमारेषेवर, ४ च्या खाली चिडकी नळी. चालू दमा नाही हे सांगायला ही चाचणी फार भरवशाची. सकारात्मक आली तर मात्र लगेच दमा म्हणू नये. ॲलर्जिक सर्दी, धूम्रपान किंवा नुकतंच झालेलं विषाणूचं इन्फेक्शनही तिला सकारात्मक करतं. म्हणून सर्दी गेल्यावर किमान सहा आठवडे थांबूनच या तपासण्या करा. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी जोडीला उपयोगी आहे, पण एकटीवर निर्णय होत नाही.

या सगळ्यातून तुमच्यासमोर तीनपैकी एक चित्र उभं राहील. व्यायाम चाचणी आणि मेथाकोलिन दोन्ही स्वच्छ, पीक-फ्लो सरळ, पंधराव्या वर्षीच्या नोंदीत घरघर नाही: ही मजबूत बाजू. वेव्हर असेल तिथे मागावा. वेव्हर नसेल तिथे लहानपणानंतर त्रास एकदाच झाला होता, तो ‘वारंवार’ नव्हता, हे कागदाने दाखवता येईल. दुसरं चित्र स्वरयंत्राचं. त्यासाठी पळवता पळवता नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहणारी तपासणी लागते. मग व्यायाम, आणि नव्या निदानाचा स्पष्ट कागद. तिसरं, चाचणी स्पष्ट सकारात्मक. तेव्हा तिला दमा आहे, आणि आधी उपचार हवा, भरती नंतर.

तिसऱ्या चित्राबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. ‘औषध घेतलं नाही म्हणजे नोंद होणार नाही’ या हिशेबाने पंप टाळणारी मुलं असतात. सूज आतल्या आत चालू राहते, आणि सौम्य समजल्या जाणाऱ्या दम्यातही जीवघेणा झटका येऊ शकतो. २०१९ पासून ‘गिना’ या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शनात प्रौढांना आणि किशोरांना फक्त सालब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असावं, असं सांगितलंय. ते याच कारणाने. भरतीच्या तारखेसाठी औषध थांबवू नका.

आता फॉर्ममध्ये लिहायचं की नाही. लिहायचं. प्रश्न ‘कधीही झाला आहे का’ असा असेल तर पाचव्या वर्षाचाही लिहायचा. अमेरिकेत २०२२ पासून भरती केंद्रांवर जुन्या वैद्यकीय नोंदी आणि औषधांच्या चिठ्ठ्या संगणकावरून थेट समोर येऊ लागल्या आहेत, आणि माहिती दडवून झालेली भरती तिथल्या लष्करी कायद्यात, कलम १०४अ खाली, गुन्हा आहे. भारतात घोषणापत्रावर खोटं लिहिलेलं निघालं तर सेवेत घेतल्यानंतरही काढून टाकता येतं. पण कायद्यापेक्षा मला दुसरी भीती मोठी वाटते. दडवून गेलेल्या मुलीच्या खिशात पंप नसतो. धाप लागली की प्रशिक्षकाला ती कामचुकार वाटते, ती स्वतःही बोलत नाही, आणि दवाखाना दूर असतो.

सेवेत असताना दमा उद्भवला तर काय, असंही कुणीतरी इथे विचारलंय. भरतीचा आणि सेवेत टिकण्याचा निकष वेगळा असतो. भारतात सैनिकांच्या तंदुरुस्तीच्या ‘शेप’ वर्गीकरणातली ‘पी’ ची, म्हणजे शारीरिक क्षमतेची, श्रेणी खाली येते आणि नेमणुकीवर मर्यादा येतात; लगेच घरी पाठवतातच असं नाही. भरतीचा निकष जास्त कडक असण्याचं कारण हेच की घेतलेल्या माणसावर आधीच खर्च आणि शिक्षण झालेलं असतं.

दलाची शाखा निवडतानाही हे ध्यानात ठेवा. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हरच्या कामात कुठेही सूट मिळणं सर्वांत कठीण, आणि ते रास्त आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. आवळलेल्या नळीमागे तिथे अर्धा लिटर हवा अडकली, तर वर येईपर्यंत ती एक लिटर होते, फुफ्फुस फाटतं, आणि हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. वैमानिकांचं निकषपत्रकही जमिनीवरच्या कामांपेक्षा कडक असतं. तिची इच्छा मुळात वैद्यकीय, तांत्रिक किंवा प्रशासकीय शाखेची असेल तर तेही अर्ज करताना पाहा, पण प्रवेशाचा मूळ श्वसन-निकष बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच असतो.

तपासणीच्या दिवशी तिला सर्दी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगू द्या. सर्दीतली घरघर ऐकून कायमचं अनफिट लिहिलं जाण्यापेक्षा तात्पुरतं अनफिट होऊन पुन्हा येणं बरं. फाईल तारखेप्रमाणे लावा: जुनी नोंद वर, मग नव्या तपासण्या आलेखांसह, मग तज्ज्ञाचं पत्र. अनफिट ठरली तर कारण लेखी घ्या आणि अपिलाची मुदत त्याच जागी विचारून घ्या. ती छोटी असते आणि चुकली की वर्ष जातं.

घोषणापत्रातला मजकूर तिच्याकडून आधी कागदावर लिहून घ्या, कारण तिथे घाईत माणूस कमी-जास्त बोलतो. साधारण असा: ‘वय ५ ते ११, बालदमा, सालब्युटामॉल व स्टेरॉइड पंप. वय १५, सर्दीनंतर तीन आठवडे खोकला, एक महिना पंप, रुग्णालयात दाखल नाही. त्यानंतर औषध नाही. थंड हवेत व्यायामानंतर अधूनमधून खोकला. त्यासाठी अमुक तारखेला व्यायाम चाचणी व मेथाकोलिन चाचणी, अहवाल जोडले आहेत.’ औषधांची नावं जुन्या चिठ्ठीवरून तपासून घ्या. ‘किरकोळ’, ‘काही विशेष नव्हतं’ हे शब्द त्यात नकोत, आणि थंडीतला खोकलाही गाळायचा नाही. तोंडी विचारल्यावरही तिने नेमकं हेच सांगायचं.